धुक्यात मारलेला शिक्का

वहिनी, दादाने शिक्का मारला.

तू बजावून ठेवलं होतंस. हॉस्पिटलच्या खिडकीशी खुर्ची ओढून बसली होतीस, डोक्याला तुझ्या लेकीने, ईराने विणलेली ती वेडीवाकडी टोपी, आणि दादा खाली कॉफी आणायला गेला होता. तेवढ्यात म्हणालीस, "मी गेले ना, की तुझा भाऊ माझ्या सगळ्या कागदांवर शिक्के मारत सुटेल. त्याला आवर हं." मी म्हणालो, "काहीतरीच काय बोलतेस!" आणि लिफ्टच्या दाराकडे बघत बसलो. हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. मला वाटलं, वेळ आहे अजून.

तुझे दिवस झाले, आलेली माणसं परतली, मी येनाला कामावर रुजू झालो. शुक्रवारी पुन्हा गाड्या बदलत स्टुटगार्टला तुमच्या घरी आलो, तर हॉलमध्ये सोफ्याच्या बरोबर वर तुझं शेवटचं चित्र. नेकार नदीच्या खोऱ्यातल्या धुक्याचं. दादाने फ्रेम करून आणलं होतं, स्पिरिट लेव्हल लावून भिंतीवर टांगलं होतं, आणि त्या धुक्याच्या मधोमध तुझ्या नावाचा लालभडक चौकोनी शिक्का होता.

"कसं दिसतंय?" त्याने विचारलं.

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"मोकळी जागा तिथेच होती रे. बाकी सगळीकडे शाई. आणि स्केलने मोजून घेतलंय मी, गेनाऊ, अगदी मध्यावर आहे."

आता तूच सांग, मी या माणसाला काय कपाळ आवरणार होतो?

ती मोकळी जागा नव्हती, हे मला माहीत होतं, कारण तुझ्या चित्रांतल्या असल्याच कोऱ्या जागांवरून आपण वर्षानुवर्षं भांडलो. माझं म्हणणं साधं होतं. तुला नदी काढता येत नाही, म्हणून तू कागद कोरा सोडतेस आणि वर त्याला धुकं म्हणतेस. तू म्हणायचीस, "भावोजी, नदी आहे तिथे. तुम्हाला दिसत नाही तो तुमचा प्रश्न." वाद रंगला की तू मला मुद्दाम 'भावोजी' आणि 'तुम्ही' करायचीस. एरवी आपलं अरेतुरे. लग्न होऊन आलीस तेव्हा मी तुला 'अहो वहिनी' म्हणालो होतो आणि तू भर पंगतीत म्हणाली होतीस, "अहो काय अहो? तुझ्यापेक्षा वर्षाने लहान आहे मी!"

मी भिंगं बनवणारा माणूस. प्रत्येक किरण जागच्या जागी पडावा, कुठे धूसर दिसू नये, याचा मला पगार मिळतो. आणि तू ब्रशात पाणी वाढवत वाढवत जायचीस, जवळचा डोंगर काळा, त्यामागचा राखाडी, त्यामागचा नुसता ओलसर डाग, आणि मग काहीच नाही. मी एकदा तुला समजावून सांगितलं की लांबचे डोंगर निळसर दिसतात ते हवेत प्रकाश विखुरतो म्हणून. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "छान. आता चहा टाक." तो वाद मिटला नाही. खरं सांगू का, मला अजूनही पटलेलं नाही. पण भिंतीवर तो लाल चौकोन बघितला आणि पहिलं मनात आलं ते हे, की तो नदीत पडलाय.

कुठून हे खूळ तुझ्या डोक्यात शिरलं! गावच्या प्रौढशाळेत, फोल्क्सहोखशूलेत, संध्याकाळच्या जर्मनच्या वर्गात नाव घालायला गेलीस, तो वर्ग भरलेला, आणि त्याच वाराला त्याच वेळेला शेजारच्या खोलीत चिनी शाईची चित्रकला. दादाने ईराला सांभाळायचं कबूल केलेलं होतं, ती संध्याकाळ तुला वाया घालवायची नव्हती. "भाषा नाही तर नाही, गवत तरी शिकते," असं तू फोनवर म्हणालीस. आणि खरोखरच पहिलं वर्षभर तू गवतच काढत होतीस. ऑर्किडची पानं. एक लांब पान, त्याला छेदणारं दुसरं, त्या दोघांच्या फटीतून तिसरं. पुन्हा. पुन्हा. दादा म्हणायचा, "फी भरून वही गिरवते आहे."

ऑर्किड, बांबू, शेवंती आणि बर्फात फुलणारा तो प्लम. तुमच्या वर्गाची बाई, फ्राउ लिन, त्यांना चार सज्जन म्हणायची. बांबू वाकतो पण मोडत नाही, प्लम थंडीला भीत नाही, असे त्यांचे एकेकाचे गुण. तुझी तक्रार होती की चारही परके, एकाशीही तुझी ओळख नाही. त्यातल्या त्यात शेवंती ओळखीची, तर ती तू अशी काढलीस की फ्राउ लिन म्हणाली, हिचा देठ कुठे आहे? तू मंगळवेढ्याची. तुझ्या डोळ्यांत काळं रान आणि ज्वारी. बांबू काढायला बसायचीस, पेर झालं, पेराच्या वर पेर झालं, पानं झाली, आणि हात वर जाऊन गच्च टिपके टिपके करून यायचा.

"बांबूला कणीस नसतं, फ्राउ शिंदे," फ्राउ लिन म्हणाली.

"हा बांबू नाहीये."

"मग काय आहे?"

"ज्वारी."

पुढच्या वर्गाला तू डब्यात भाकरी घेऊन गेलीस, पुरावा म्हणून. तिने ती चावून चावून खाल्ली, चांगली आहे म्हणाली, आणि तुझ्यापुढे कोरा कागद सरकवून म्हणाली, "आल्झो, चला, बांबू."

यातली एक गोष्ट तुला सांगायची राहिली. मी मागे वाचलं की बांबूलाही कणसं येतात. जन्मात एकदाच येतात, आणि आली की तो वाळून जातो. केवढा मोठा मुद्दा होता तुझ्या बाजूचा! फ्राउ लिनचं तोंड बंद झालं असतं. पण तोवर तुझे रिपोर्ट आले होते, आणि त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मला तुझ्यासमोर उच्चारवेना. पहिला अर्धा तरी सांगायला हवा होता.

शिक्का तिनेच दिला तुला. स्वतः दगड कोरून. तिने नावाचा अर्थ विचारला, तू सांगितलास, मृणाल म्हणजे कमळाचा देठ, आणि तिने तिच्या लिपीत ते कोरलं. ईराने फोटो काढून सगळ्यांना पाठवला. दादा तर हरखून गेला होता. त्याच्या कारखान्यात शिक्क्याशिवाय स्क्रूसुद्धा बाहेर पडत नाही, अबनामे, म्हणजे शेवटची तपासणी, झाली की माल पास. त्याने लगेच विचारलं, "मग आता कुठल्या कुठल्या चित्रावर मारणार?" तू म्हणालीस, "कुठल्याच नाही." शिक्का म्हणजे हे झालं, याच्यात आता काही करायचं उरलं नाही, असं चित्रकाराने स्वतः म्हणणं. तुला तसं एकदाही वाटलं नाही. किटामधली, तुझ्या बालवाडीतली पोरं चित्र काढून झालं की स्टिकर मागायला धावत यायची, त्यांना तू दोन दोन द्यायचीस. स्वतःला मात्र एक नाही. दादा चिडायचा. "लोक काढतात, टांगतात, विषय संपला. तुझं आपलं कायम चालूच!" त्या चिडण्यात किती कौतुक होतं हे तुला माहीत होतं. ज्याने जुन्या वायपरची मोटर लावून तुझ्यासाठी शाई उगाळायचं यंत्र केलं आणि स्वयंपाकघराचं छत काळं करून ठेवलं, तो माणूस चित्रकलेचा शत्रू असणार होता थोडाच?

मग औषधांनी तुझ्या बोटांची संवेदना गेली. शर्टाची बटणं लागेनात, पण ब्रश तू सोडला नाहीस. "बोटांना कळत नाही, पण कागदाला कळतं," असं म्हणून बाल्कनीच्या दाराशी बसायचीस. पूर्ण शरद ऋतू तू त्या एका खोऱ्यापुढे घालवलास. समोरच्या उतारावर द्राक्षमळे, खाली नेकार, आणि सकाळी त्यावर धुकं. किती कागद टराटरा फाडलेस. आणि एके दिवशी फोन करून म्हणालीस, "आज जवळजवळ झालं." जवळजवळ. मी म्हणालो, "मग मार शिक्का." तू म्हणालीस, "उद्या बघू." तो उद्या काही आला नाही.

आता कावळ्याचं ऐक. हसू नकोस.

इथे दहन लगेच होत नाही, तारीख मिळावी लागते, त्यामुळे दहावा कुठून धरायचा यावरच व्हिडिओ कॉलवर गुरुजींशी बराच खल झाला. शेवटी ठरलं. घरामागच्या द्राक्षमळ्याच्या बांधावर आम्ही पिंड ठेवले. दादा, मी, ईरा, आणि माझ्या हातातल्या फोनवर गुरुजी. स्टुटगार्टमध्ये कावळ्यांना काय तोटा! समोरच्या झाडावर ढीगभर बसले होते. पण एक हलेल तर शपथ. थंडीने ईराचे ओठ निळे पडले होते. गुरुजी म्हणाले, "वहिनींची काही इच्छा राहिली असेल तर आठवा, शब्द द्या."

दादा म्हणाला, ईराला जपेन. कावळा ढिम्म. म्हणाला, तुझ्या आईला दर रविवारी फोन करेन. ढिम्म. मी या सगळ्यावर विश्वास न ठेवणारा माणूस, तुला माहीत आहे. पण तुझी राहिलेली इच्छा त्या बांधावर एकट्या मलाच ठाऊक होती. मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात म्हणालो, वहिनी, दादाला आवरतो. नाही मारू देत शिक्के. शब्द देतो. डोळे उघडले. एक पंख हलला नव्हता.

आणि तेवढ्यात दादा रडत रडत मोठ्याने म्हणाला, "मृणाल, तुझी चित्रं नीट लावतो गं. एकेका चित्रावर तुझा शिक्का मारतो. तू राहिलीस मारायची, मी मारतो."

कावळा आला. सरळ आला, भाताला चोच लावली.

दादाने कावळ्याला हात जोडले. ईरा त्याच्या गळ्यात पडून जर्मनमध्ये काहीबाही म्हणत होती, गुरुजी फोनमधून "झालं, झालं" म्हणत होते, आणि मी फोन धरून उभा. मी काय सांगणार होतो? की हा कावळा नुसता भुकेला आहे? की दादा, तिने मला बरोब्बर उलटं सांगितलंय? वहिनी, इतक्या वर्षांत मला एकदाही जिंकू दिलं नाहीस, निदान तिथे तरी माझ्या बाजूने यायचं होतंस.

शनिवारी फ्राउ लिन आली. पांढऱ्या शेवंतीची फुलं घेऊन. चित्रापुढे ती बराच वेळ उभी राहिली. दादा तिच्या शेजारी हात बांधून उभा, शाळेतल्या पोरासारखा. "गूट आहे, ना?" त्याने विचारलं. ती त्याच्याकडे बघून "हो," म्हणाली आणि कप उचलायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात आली. मी मागोमाग गेलो.

"उलटा आहे," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"शिक्का. डोकं खाली, पाय वर."

तिची लिपी आम्हाला कुठे येते! तुझं नाव डोक्यावर उभं होतं आणि आम्ही दोघं इंजिनिअर त्याच्याखाली बसून चहा पीत होतो. मी विचारलं, काही करता येईल का? ती म्हणाली, हा कागद पितो, प्यायलेलं परत देत नाही. मग तिने विचारलं, "तुम्ही भावाला सांगणार?" मी विचारलं, "तुम्ही सांगणार?" तिने कप विसळला, मी तो पुसला, आणि आम्ही बाहेर येऊन बसलो.

आज रविवार. सकाळी दादाने जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि तुझे बाकीचे कागद आणून ठेवले. लाल शाईची डबी उघडली. "तू कागद धर, मी मारतो. फार पातळ आहे, हलतो," म्हणाला. वरच्याच कागदावर एक खडक होता आणि त्याच्या आडोशाला दोन चिमण्या. तुझ्या हिशेबाने अपुरा, म्हणजे एका चिमणीला तू डोळाच काढला नव्हतास.

मी म्हणालो, "दादा, थांब."

"का?"

"ही तिने पुरी केलेली नाहीत. तिला नको असेल शिक्का."

"कावळा शिवला ना?"

"कावळ्याचं सोड रे. तिने मला..."

तो माझ्याकडे बघायला लागला. वहिनी, त्याचे डोळे तू पाहिले नाहीस हे बरं आहे. हातात शिक्का तसाच, बोटांना लाल शाई. म्हणाला, "इतके दिवस मी काय करतोय माहिती आहे तुला? रोज सकाळी एक ऑफिस. तिला आबमेल्डन करतोय. विम्याची क्रांकेनकासे, बँक, मोबाइल, किटा, लायब्ररीसुद्धा. रोज कुठून तरी तिचं नाव काढून टाकायचं, आणि काढलं म्हणून त्यांचा शिक्का घेऊन घरी यायचं. मी स्वतः सह्या करतोय रे त्याच्यावर." मग खालच्या आवाजात, "एका ठिकाणी तरी मला तिचं नाव घालू दे."

तू असतीस तर "अहो!" एवढ्यानेच त्याला थांबवलं असतंस. मला तो शब्द नाही.

मी कागद धरला.

एवढं मात्र केलं. त्याचा हात खडकावरच्या मोकळ्या जागेकडे निघाला होता, तो मनगटाला धरून खाली डाव्या कोपऱ्यात आणला, आणि त्याच्या चिमटीतला शिक्का फिरवून सरळ केला. फ्राउ लिनने जाताना मला शिक्क्याच्या वरच्या बाजूची खूण दाखवून ठेवली होती.

"असा धरायचा?" त्याने विचारलं.

"हो."

त्याने मान वळवून सोफ्यावरच्या चित्राकडे पाहिलं. "मग तो तिथला..."

"असू दे."

तो पुन्हा कागदावर वाकला. शिक्का टेकवला, दाबला, उचलला. मग दुसरा कागद, मग तिसरा. मध्येच ईरा खोलीतून आली, दाराशी उभी राहून बघत राहिली आणि तशीच आत गेली. दुपार होईपर्यंत आम्ही दोघांनी मिळून तुझे सगळे कागद पुरे करून टाकले, तू एकही न केलेले. ती डोळा नसलेली चिमणीसुद्धा पास झाली. सगळे कागद वाळत पसरले होते आणि दादा त्यांच्यामध्ये उभा राहून हात पुसत होता, पुसून झालेलेच पुन्हा पुसत होता.

"आवडलं असतं ना रे तिला?" त्याने विचारलं.

मी हो म्हणालो. वहिनी, बाकी सगळं ऐक, तेवढं एक ऐकलं नाहीस असं कर.